समुद्रसपाटीपासून ३११ मीटर

बुटीबोरीपासून सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर आहे आणि तो कोकणातला नाही. तो काकिनाड्याच्या बाजूचा, बंगालच्या उपसागराचा आहे. अरबी समुद्र त्याहून शंभरेक किलोमीटर लांब. तरी दिवाळीच्या सुट्टीत समुद्र पाहायला निघालेला नागपूरकर जातो अलिबागला, गणपतीपुळ्याला नाहीतर गोव्याला. एक रात्र गाडीत जाताना, एक रात्र येताना, मधले दोन दिवस ओल्या वाळूत आणि फोटोत. काकिनाड्याला गेलेला नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

मला किनाऱ्यानं चालायची आवड आहे, आणि तीही एकटीनं. नोकरीमुळं राहणं मात्र बुटीबोरीत. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव लोकांना औद्योगिक वसाहतीमुळं माहीत असतं, नाहीतर उड्डाणपुलाखालच्या गर्दीमुळं. गावाच्या नावातले बुटी म्हणजे नागपूरचं मोठं मालगुजार घराणं. शिर्डीत साईबाबांची समाधी ज्या वाड्यात आहे तो बांधणारे गोपाळराव बुटी याच घराण्यातले. एवढी मोठी ओळख असूनही गावात पाहण्यासारखं काय, असं विचारलं तर माणसं थोडा वेळ गप्प राहतात आणि मग म्हणतात, ‘नागपूरले जा नं!’

म्हणून एक बेत केला. पौषातला रविवार. सकाळ इथल्याच पाण्याच्या काठानं चालण्यात घालवायची, दुपार आणि संध्याकाळ शहरात. स्वतःची गाडी न्यायची नाही. पाय, ऑटो, एसटी आणि मेट्रो एवढ्यावर भागवायचं. इथला किनारा म्हणजे नेमकं काय, तो कुणाचा असतो आणि त्याच्या कडेनं एकट्या माणसाला चालता येतं का, एवढं पाहायचं होतं.

पाणी म्हणजे वेणा नदी. नागपूरच्या पश्चिमेला उगम पावून ती दक्षिणेला वळते आणि पुढं हिंगणघाटवरून वर्धा नदीला मिळते. तिच्यावर निम्न वेणा प्रकल्पाचं वडगाव धरण आहे. त्याचा जलाशय हा बुटीबोरीकरांचा सर्वांत जवळचा मोठा काठ. तिकडं निघाले तेव्हा ऑटोवाले काका मला आरशातून न्याहाळत होते.

‘तिकडे काय पाहाले चालल्या ताई? पाणीच तं हाय.’

‘तेच पाहायचंय.’

‘एकट्याच?’

‘एकटीच.’

‘मंग मी थांबू का?’

हा प्रश्न पैशांसाठी नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. ‘एकट्याच?’ हा प्रश्न दिवसभरात पुन्हा पुन्हा आला. कोकणात पाठपिशवी घेतलेली एकटी बाई आता लोकांच्या सवयीची झाली आहे, तिला फार तर ‘खोली हवी का’ विचारतात. इथं धरणाच्या काठी बाई एकटी दिसली की गावाला तीन शक्यता सुचतात : सर्व्हेवाली, पक्षीवाली, नाहीतर घरी भांडून आलेली. मी गळ्यात दुर्बीण अडकवून दुसऱ्या गटात जमा झाले. दुर्बीण दिसली की प्रश्न थांबतात. एकटीनं हिंडणाऱ्या मैत्रिणींनी एवढी युक्ती जरूर घ्यावी, पक्षी ओळखता येत नसले तरी चालेल.

धरणाच्या भिंतीवर फिरायला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. मी भिंतीपासून दूर, बुडीत क्षेत्राच्या कडेनं चालायला लागले. कडेला तूर काढणीला आलेली, पलीकडं कपाशीची शेवटची वेचणी, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. पाण्यापर्यंत जाणारी वाट नव्हती. होती ती गुरांनी पाडलेली पायवाट, आणि तीही बेशरमाच्या झुडपांत शिरून हरवणारी. फिकट जांभळ्या फुलांचं ते झुडूप विदर्भातल्या प्रत्येक तळ्याकाठी आहे. कापा, जाळा, पुराखाली बुडवा, ते परत उगवतं. लोकांनी त्याला नाव अगदी विचार करून दिलं आहे.

बेशरम संपला तेव्हा किनारा दिसला, आणि तो कोकणातल्या किनाऱ्याहून अगदी निराळा निघाला. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. या पाण्याची भरती वर्षातून एकदा, ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि ओहोटी दसऱ्यापासून पुढच्या मृगापर्यंत. उतारावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा एकीखाली एक उमटल्या होत्या. वरच्या रेघेवर वाळलेलं शेवाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या, त्याखाली भेगाळलेला काळा चिखल, त्याखाली ओला चिखल, मग पाणी. महिन्याभरानं मी उभी होते ती जागा काठ राहणार नव्हती. हा किनारा सतत माघार घेत असतो, त्यामुळं त्याच्या कडेनं कायमची वाट पडत नाही.

मागं सरकणारं पाणी जमीन मोकळी करून जातं आणि त्या जमिनीवर पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. बुडीतातली ही जमीन सरकारची, हंगामापुरती कसायला मिळते. ओल आधीच मुरलेली असते, गाळाला खत फारसं लागत नाही, टरबूज-काकडी चांगली येते. एके ठिकाणी दोघीजणी वाफे आखत होत्या. त्यातली वयानं मोठी म्हणाली, ‘पाणी आमच्यासाठी जागा सोडून राह्यलं, आम्ही त्याच्या मागं मागं चाल्लो.’ मी जे हौसेनं करत होते ते या बायका दरवर्षी पोटासाठी करतात.

पुढं काठाच्या एका वळणात डोंगा ओढून ठेवलेला होता. ढिवर समाजातला एक म्हातारा जाळं उकलत बसला होता. रोहू, कतला, मृगळ अशी मासळी सोडतात, सोसायटीमार्फत विकतात, असं त्यानं सांगितलं. पाण्यावर कुणाचा किती हक्क, हे त्यानं बोट दाखवत समजावलं. एक वाटा कालव्याचा. एक वाटा कंपन्यांचा, म्हणजे औद्योगिक वसाहतीचा. एक वाटा उन्हाचा, आणि तो सर्वांत मोठा, असं त्याचं मत. ‘उरलं ते मासोळीचं.’ माणसांच्या पिण्याच्या पाण्याचं काय, विचारल्यावर तो हसला. ते तर आधीच काढून ठेवलेलं असतं म्हणे, हिशेबात धरायचंच नाही.

तिथं बसून माझ्या लक्षात आलं की या मुलखात नैसर्गिक किनारा जवळजवळ नाहीच. भंडारा-गोंदियात कोहळ्यांनी बांधलेली तळी, नागपुरात भोसल्यांनी बांधलेली, मग इंग्रजांच्या काळातली, मग पाटबंधारे खात्याची. आमच्या प्रत्येक काठामागं कुणीतरी अडवलेलं पाणी आहे आणि ते कुणाच्या तरी कामाचं आहे. निव्वळ बघायला म्हणून आलेल्या माणसाचा वाटा त्यात धरलेला नसतो. म्हणूनच ऑटोवाल्या काकांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता.

पक्ष्यांचं थोडक्यात सांगते. हळदी-कुंकू बदकं, चक्रवाकाची एक जोडी आणि पाण्यावर घिरट्या घालून एकदम सूर मारणारे नदी सुरय. समुद्रपक्ष्याच्या जवळचा इथं दिसलेला तोच. एवढ्या पुंजीवर मी पक्षीवाली म्हणून खपून गेले.

टाकळघाट या वाटेवर नाही. ते बुटीबोरीच्या दुसऱ्या अंगाला आहे, पण इथल्या काठांबद्दल बोलताना त्याला वगळता येत नाही. टाकळघाट आणि खापा इथं महापाषाणयुगीन शिळावर्तुळं आहेत. मोठाले धोंडे गोलात मांडून त्यांच्या आत केलेली दफनं, अडीच हजार वर्षांहून जुनी. १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं. लोखंडाची हत्यारं निघाली, काळी-तांबडी भांडी निघाली, घोड्यांचा साज निघाला. म्हणजे कारखाने यायच्या कितीतरी आधी इथं लोखंड घडवणारे, घोडा बाळगणारे लोक नदीकाठ धरून राहत होते.

ही वर्तुळं पाहायला त्याआधी शंभर वर्षं एक माणूस आला होता. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसार त्याचं काम, पण जीव दगडांत. नागपूरच्या आसपासच्या खडकांतून त्यानं प्राचीन मासे, कीटक, वनस्पती यांचे जीवाश्म गोळा केले आणि सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासोबत या भागाच्या भूस्तरांवर लिहिलं. विदर्भाच्या भूशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांतांचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्याबरोबर तो टाकळघाटची वर्तुळं पाहायला आला. टेंपल पुढं निघून गेला. हिस्लॉप मागं रेंगाळला आणि संध्याकाळी एकटाच घोड्यावरून छावणीकडं निघाला. पाऊस झालेला होता, बुटीबोरीजवळच्या ओढ्याचं पाणी चढलेलं होतं. छावणीवर घोडा पोचला तो रिकाम्या खोगिराचा. चार दिवसांनी हिस्लॉपचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता.

नागपुरात त्याच्या नावाचं कॉलेज आहे, १८८३ पासूनचं, आणि तिथं शिकलेले हजारो आहेत. तो बुटीबोरीच्या उंबरठ्यावर बुडाला हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? टेंपलनं पुढं १८६६ मध्ये त्याची मध्य प्रांतांतल्या आदिवासींवरची टिपणं छापून घेतली, म्हणून ती तरी वाचली. एकट्यानं हिंडणाऱ्यांना या गोष्टीतून एक साधी सूचना घेता येते : ओढ्याला पाणी असेल तर थांबावं. दर पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या धरणांवर, तलावांवर पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांना घोडाही लागत नाही.

परतीच्या वाटेवर महामार्गाला लागले. या रस्त्यानं दक्षिणेला गेलं की पन्नासेक किलोमीटरवर हिंगणघाट. तिथंही अशीच एक गोष्ट पडून आहे. विल्यम लॅम्बटन यानं १८०२ मध्ये मद्रासच्या किनाऱ्याजवळ, सेंट थॉमस माउंटपाशी एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण टाकत हिंदुस्थान मोजायला घेतला. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट मंदिरांच्या गोपुरांवर, टेकड्यांवर चढवत वीस वर्षं हे काम चाललं. म्हातारा लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडं निघाला होता, वाटेत २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट, आणि त्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला वेणेच्या काठचं एक बाजारगाव आलं. किनाऱ्यापासून इथवर मोजत आलेला हा माणूस, त्याच्याइतका हक्काचा किनारा-प्रवासी दुसरा कोण?

बुटीबोरी चौकात तर्री-पोहे खाऊन खापरीपर्यंत एसटी, तिथून मेट्रोची नारिंगी मार्गिका. ही मार्गिका मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी अशी सुरू झाली. दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. एकूण ४३.८ किलोमीटर, त्यातला एक फाटा मिहानपासून थेट बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत. मेट्रोतून दिसणारं नागपूर रस्त्यावरच्या नागपूरपेक्षा बरंच हिरवं आहे. वर्धा रस्त्यावरची धूळ काचेबाहेर राहते आणि माणूस शहराबद्दल चांगला विचार करू लागतो.

या प्रवासात एक गोष्ट खिडकीतून दिसत नाही, नकाशात दिसते. बुटीबोरी आणि नागपूर यांच्यामधून पाणलोटाची सीमा जाते. बुटीबोरीला पडलेला पाऊस वेणेतून वर्धेत जातो. नागपूर शहरात पडलेला पाऊस नाग नदीतून कन्हानेत आणि पुढं वैनगंगेत जातो. अर्ध्या तासाच्या अंतरावरची ही दोन पाणी एकमेकांना भेटतात ती थेट गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याला, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमावर. तिथून ती प्राणहिता होतात, सिरोंच्याशी गोदावरीला मिळतात आणि आंध्रात समुद्र गाठतात. आम्ही समुद्राला जातो पश्चिमेला, आमचं पाणी जातं पूर्वेला. पाण्याला जवळचा रस्ता कळतो.

झिरो माइलला उतरले. वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे, भोवती वाहतूक. १९०७ सालचं हे बांधकाम. शाळेच्या सहलीत हा देशाचा मध्यबिंदू म्हणून दाखवतात आणि पोरं घोड्यांबरोबर फोटो काढून पुढं जातात. खांबावर कोरलेला मजकूर मात्र मध्याबद्दल नाही, उंचीबद्दल आहे. खांबाच्या माथ्याची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून १०२०.१७१ फूट. म्हणजे ३११ मीटरला थोडीशी कमी.

फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत काढलेला हा आकडा आला कुठून? १८५८ पासून पुढची पन्नास वर्षं भारतीय सर्वेक्षण खात्याची माणसं समपातळी घेत देशभर चालत होती. आधी बंदरांत भरतीमापक बसवले, वर्षानुवर्षं पाण्याची चढउतार नोंदली आणि तिची सरासरी काढली. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टिनम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातलं फॉल्स पॉइंट, अशी नऊ ठिकाणं. मग तिथून दुर्बीण आणि मोजपट्टीच्या काठ्या घेऊन आतल्या मुलखात चालत यायचं. पुढं एक काठी, मागं एक काठी, मधे दुर्बीण. दोन्हींतला फरक वहीत लिहायचा, उचलायचं, पुढं जायचं. शेकडो मैल. चढावर थोडं, उतारावर थोडं, पण शून्य कायम समुद्राचं. दुर्बीण साहेबाची असे. काठ्या धरून उन्हात उभी राहणारी माणसं इथलीच असत, आणि त्यांची नावं खांबावर नाहीत.

म्हणून मला वाटतं, नागपुरात समुद्र पाहायचा असेल तर तो इथं आहे. त्याची लाट नाही, वास नाही, पण शहरातल्या प्रत्येक नळाचा, नाल्याचा, पुलाचा उतार शेवटी याच पातळीच्या हिशेबात बसतो. खांबाशेजारच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी गावं आणि त्यांची मैलांतली अंतरं आहेत. त्यात एकही बंदर नाही. उंची समुद्रापासून मोजली, रस्ता मात्र समुद्राचा दाखवला नाही.

मधल्या दुपारी अजब बंगला झाला. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय, हिस्लॉप गेला त्याच वर्षीचं. सीताबर्डीचा किल्ला बाहेरूनच पाहावा लागतो, तो लोकांसाठी उघडतो तो मोजक्या राष्ट्रीय दिवसांना. दीक्षाभूमीवर रविवारची गर्दी होती, बाहेर पुस्तकांची दुकानं होती, आणि तिथं गेलेला वेळ इथं चार ओळींत बसणारा नाही.

उन्हं कलली तेव्हा अंबाझरीला पोचले. शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून १८७० च्या सुमारास वाढवलेला हा तलाव नाग नदीवर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तलाव सांडव्यावरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मोरभवनच्या स्थानकात एसटी गाड्या बुडाल्या. नागपूरकरांना त्या रात्री कळलं की आपण नदीकाठी राहतो. तोवर नाग नदीला शहरात बहुतेकजण नालाच म्हणत. तिच्या शुद्धीकरणाचा १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. तो पुरा होईल तेव्हा होईल. आज तिच्या काठानं शहरातून चालायचं म्हटलं तर दोन्हीकडं भिंती, घरांच्या पाठी आणि नाकाला रुमाल.

शेवटी फुटाळा. भोसल्यांच्या काळातला हा तेलंगखेडीचा तलाव, नागपूरकरांची चौपाटी. कणसं, मोमो, आईस्क्रीम, दुचाक्यांची रांग आणि पाण्याकडं पाठ करून पाण्याचाच फोटो घेणारी मंडळी. तलावात संगीतावर नाचणारं कारंजं बसवलं आणि त्यावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. कारंज्याबद्दल मतं असू शकतात. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या तलावाला सलग एक फेरी पायी मारता येत नाही. जिथं बसायचं तिथं दुकान आहे आणि जिथं चालायचं तिथं गाड्या उभ्या आहेत. गावातल्या काठावर वाट नाही, कारण तिथं कुणी चालायला येत नाही असं मानलेलं आहे. शहरातल्या काठावर वाट नाही, कारण तिथं सगळेच येतात. मधल्या मध्ये एकटं चालणारं माणूस कुठंच बसत नाही.

म्हणून एक मागणी आहे. मेट्रोचे खांब बुटीबोरीकडं सरकत आहेत. ते पोचतील तेव्हा वडगावच्या काठावरही कुणाला तरी सुशोभीकरण सुचेल, कारंजं सुचेल, काचेचा पूल सुचेल. त्याआधी पाटबंधारे खातं, औद्योगिक महामंडळ आणि बुटीबोरी नगर परिषद यांनी मिळून पूररेषेच्या वरून एक पायवाट आखावी. सिमेंट नको, मुरूम पुरे. गाळपेर करणाऱ्या बायका आणि ढिवरांचे डोंगे यांना जराही न हलवता ती नेता येईल. किलोमीटर-किलोमीटरवर एक दगड रोवावा, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरावी. टाकळघाटला एक पाटी लावावी, हिस्लॉप इथं कशासाठी आला होता हे सांगणारी, आणि हिंगणघाटच्या नगरपालिकेनं लॅम्बटनच्या कबरीचा रस्ता दाखवणारी दुसरी पाटी महामार्गावर लावावी. सगळं मिळून खर्च एका चौकात बसवायच्या पुतळ्यापेक्षा कमी येईल.

तोवर ज्यांना जायचं असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जावं, पाणी सोबत न्यावं, पायात बूट घालावेत, ऑटोवाल्याचा नंबर घेऊन ठेवावा आणि पावसाळ्यात काठापासून दूर राहावं.